पाणी किती? : उथळ किनाऱ्यावरच्या पहिल्या मासेमारीचा धडा

दिवाळीनंतर सबमिशनचा पहिला जोर ओसरला की हॉस्टेलवर एक बेत हमखास शिजतो. विंगमध्ये एखादा कोकणातला मित्र असतो. त्याच्या गावी जायचं, ओळखीच्या माणसाची होडी घ्यायची, गळ टाकून मासे मारायचे आणि रात्री तेच तळून खायचे. बेत झकास आहे. मेसची भाजी खाऊन कंटाळलेल्या जिवाला दुसरं काय हवं! पण गळ कुठला, आमिष कुठलं याची चर्चा रात्री दोनपर्यंत चालते, आणि ज्या पाण्यात जायचं ते किती खोल आहे हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

तो विचारायला हवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याहून गेलेल्या सहलीतले विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच मुलं. ही मुलं मासेमारीला गेली नव्हती हे खरं, पण अनोळखी उथळ किनारा किती फसवा असतो हे त्यातून कळतं. खोल समुद्र दिसतोच भीतिदायक, म्हणून माणूस सावध असतो. उथळ पाण्याची भीती वाटत नाही, आणि होड्या उलटतात, आपटतात, रुततात त्या बहुतेक तिथेच.

आधीच सांगतो, हा लेख वाचून कोणी स्वतः होडी हाकायला जाऊ नये. स्थानिक माणूस, नोंदणी असलेली होडी आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, या तीन गोष्टींना पर्याय नाही. पण होडीत बसलेल्याला पाणी वाचता आलं तर त्याची मदत होते, निदान अडचण तरी होत नाही. उदाहरणासाठी मालवण, तारकर्ली, देवबाग आणि कर्ली खाडीचा परिसर घेऊ. खडक, वाळूचा दांडा, खाडीचं मुख आणि चिखल, असा सगळा सिलॅबस तिथे एकाच ठिकाणी मिळतो.

१. भरती-ओहोटीचं गणित

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून भरतीची वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी, तो भांग.

वेळ काढायची जुनी रीत अशी : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. यामागे चक्क आपलंच गणित आहे. चांद्रमासात तिथी तीस, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ पूर्ण २४ तास सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. जुन्या लोकांनी ती तोंडी हिशेबासाठी ४५ केली. पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक साठते, पण कॅल्क्युलेटरशिवाय एवढं उत्तर मिळत असेल तर व्हायवाला पूर्ण मार्क द्यायला हरकत नाही. हा हिशेब मुंबईच्या आसपास बसतो. मालवणकडे भरती साधारण तासभर आधी येते. नेमक्या वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, आणि हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांचा व समुद्रस्थितीचा अंदाज रोज देते.

किती चढतं हे ठिकाणावर अवलंबून आहे. मुंबईत उधाणाला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, मालवण-गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास असतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते. एकाच जागेवर सकाळी पायवाट आणि दुपारी समुद्र! उथळ पाण्यात 'इथे पाणी किती' हा प्रश्न 'किती वाजता' हे सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतो.

पाणी एकसारख्या वेगानेही चढत नाही. चढाचे सहा तास धरा आणि एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. साइन कर्व्ह डोळ्यांसमोर आणा म्हणजे कारण लगेच कळेल. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं किंवा जातं, आणि प्रवाहही तेव्हाच सर्वांत जोराचा असतो.

२. सोडवलेलं उदाहरण

खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. नकाशात तिथे खोली ०.४ मीटर दिली आहे. नकाशातली खोली ही मोठ्या ओहोटीच्या जवळपासची पातळी शून्य धरून दिलेली असते. म्हणून त्या वेळची भरतीची उंची तिच्यात मिळवायची. समजा तिथी पंचमी, सकाळी ९ वाजता ओहोटी ०.५ मीटर आणि दुपारी ३ वाजता भरती २.१ मीटर. चढ १.६ मीटर, त्याचा बारावा भाग सुमारे १३ सेंटिमीटर. मग दांड्यावरचं पाणी असं :

९ वाजता ०.९ मीटर
१० वाजता १.०३ मीटर
११ वाजता १.३ मीटर
१२ वाजता १.७ मीटर
१ वाजता २.१ मीटर
२ वाजता २.३७ मीटर
३ वाजता २.५ मीटर

आता होडीला किती लागतं ते बघा. आउटबोर्ड इंजिनाचा पंखा पाण्याखाली ०.७ मीटर जातो असं धरू. लाट ६० सेंटिमीटरची असेल तर दोन लाटांमधल्या खळग्यात पाणी निम्म्याने, म्हणजे ३० सेंटिमीटरने खाली जातं. आणखी ३० सेंटिमीटर सुरक्षेसाठी. एकूण १.३ मीटर. म्हणजे ११ च्या आधी दांडा ओलांडायचा नाही. 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' फक्त मशीन डिझाइनच्या पेपरात नसतो.

परतायचं कधी? आकडे म्हणतात की संध्याकाळी ७ पर्यंत १.३ मीटर पाणी राहील. पण इथे नुसते आकडे पुरत नाहीत. डिसेंबरात सव्वासहाच्या आत सूर्य मावळलेला असतो. शिवाय ओहोटीच्या मधल्या तासांत खाडीतलं पाणी जोराने बाहेर धावतं आणि समोरून लाटा आत येत असतात. प्रवाह आणि लाट समोरासमोर आले की लाट आखूड, उंच आणि उभी होते. त्याच दांड्यावर सकाळी जी लाट गुळगुळीत होती ती संध्याकाळी भिंतीसारखी येते. म्हणून परतायचं ते भरती पूर्ण व्हायच्या आत किंवा पाणी थांबलेलं असताना, म्हणजे तीनच्या आसपास.

यातून एक सोपा नियम निघतो : अनोळखी उथळ जागेत नेहमी चढत्या पाण्यावर जावं. चढत्या पाण्यावर रुतलात तर थोड्या वेळात पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यावर, भरतीनंतर दोन तासांनी रुतलात, तर तीच पातळी परत यायला सुमारे साडेआठ तास लागतात. उधाणाच्या ऐन भरतीला रुतलात तर पुढच्या उधाणापर्यंत वाट बघायची वेळ येऊ शकते! पहिल्या फेरीसाठी अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे, कारण प्रवाह मऊ असतो.

३. पाणी वाचायचं कसं?

रंग : स्वच्छ पाण्यात वाळूवरचं उथळ पाणी फिकट पिवळसर-हिरवं दिसतं आणि खोल पाणी गडद. मधेच काळा डाग दिसला तर तो खडक असेल, शेवाळ असेल किंवा नुसती ढगाची सावली. सावली सरकते, खडक सरकत नाही. ओळख पटेपर्यंत तो खडकच समजा. सूर्य पाठीशी असेल तर तळ दिसतो, समोर असेल तर नुसती चमक. म्हणून सकाळी पश्चिमेकडे जाताना पाणी चांगलं वाचता येतं आणि संध्याकाळी परतताना, पूर्वेकडे तोंड असताना, तेही जमतं. उलट्या दिशेने जाताना मात्र वेग कमी ठेवा. खाडीच्या गढूळ पाण्यात रंगाचा उपयोग नाही, तिथे काठीच हवी.

लाट : उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमूळावर ठरतो. दहा मीटर खोलीवर तो सेकंदाला सुमारे १० मीटर, एक मीटर खोलीवर सुमारे ३ मीटर. लाट उथळ जागी मंदावते, वळते, उंचावते आणि तिची उंची खोलीच्या पाऊणपटीच्या पुढे गेली की फुटते. म्हणजे जिथे ६० सेंटिमीटरची लाट फुटते तिथे पाणी ८० सेंटिमीटरच्या आसपास. फुकटात मिळालेलं मोजमाप! दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधला पट्टा न फुटणारा असेल तर बहुधा तीच वाट. 'बहुधा' म्हणायचं कारण असं की खडकावर पाणी थोडं जास्त असेल तर लहान लाटा वरून निघून जातात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी येणारी मोठी लाटच तिथे फुटते. म्हणून मुखातून बाहेर पडण्याआधी काठावर थांबून निदान पंधरा मिनिटं नुसतं बघा.

वळण : खाडीच्या वळणावर बाहेरचा काठ खोल आणि आतला उथळ. प्रवाह बाहेरचा काठ कोरतो आणि आतल्या बाजूला गाळ टाकतो, हायड्रॉलिक्समध्ये शिकलो तेच. सरळ रेषेत जाणारा रुततो, बाहेरून वळणारा पार होतो.

पक्षी आणि माणसं : पाण्याच्या मध्यभागी बगळा निवांत उभा असेल तर तिथली खोली विचारायची गरज नाही. पाण्यात ओळीने रोवलेल्या काठ्या किंवा तरंगणारे बोये दिसले तर ती कोणाची तरी जाळी आहेत. त्यांवरून जाऊ नका. जाळं पंख्यात अडकलं की आपलं इंजिन बंद, आणि त्या माणसाचं हजारोंचं नुकसान.

होडी स्वतः : पाणी एकदम उथळ झालं की होडीचा मागचा भाग खाली बसतो, मागची लाट मोठी होऊन फुटायला लागते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. हे जाणवताच वेग कमी करा.

४. ओळंबा, काठी आणि दोन खुणा

पूर्वीच्या नाखव्यांकडे सोनार नव्हतं. शिशाचा गोळा आणि दोर होता. मच्छीमार अजूनही खोली 'वाव'मध्ये सांगतात. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर तेवढं, सुमारे सहा फूट किंवा १.८ मीटर. सिव्हिलवाल्यांकडचा ओळंबा आणि दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेला दोर, एवढ्यावर खोली मोजता येते. खाडीत साधा बांबू त्याहून बरा. तो खोली सांगतो आणि तळही सांगतो : टणक 'टक्' आवाज म्हणजे खडक, करकर म्हणजे वाळू, आणि काठी आत गेली व ओढताना चिकटली तर चिखल.

जागा ओळखायची रीत तर थेट सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलमधली आहे. किनाऱ्यावरच्या दोन ठळक वस्तू, एक जवळची आणि एक लांबची, एका रेषेत आल्या की आपण त्या रेषेवर आहोत. रेंजिंग रॉडचं काम माड आणि देवळाचा कळस करतात. दुसऱ्या बाजूला अशाच दोन खुणा जुळल्या की दोन रेषा छेदतात आणि जागा नक्की होते. खडकांमधली वाट काढताना पुढच्या दोन खुणा जुळलेल्या ठेवायच्या. जवळची खूण डावीकडे सरकली तर आपण उजवीकडे वाहवलो आहोत. मग होडी डावीकडे घ्यायची. नाळ समोर असूनही होडी आडवी वाहत असते, हे या खुणांवरून कळतं.

मालवणच्या बंदराची सगळी गोष्टच अशा वाटांची आहे. १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. आजूबाजूचे पाण्याखालचे खडक हे त्या किल्ल्याचं पहिलं संरक्षण. वाट माहीत असलेल्याला बंदर आणि नसलेल्याला सापळा. ते खडक अजून तिथेच आहेत.

वाळूचं मात्र तसं नाही. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली, यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. पलीकडे भोगवे. मधल्या मुखातली वाळू दर पावसाळ्यात सरकते. गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही. नकाशा कितीही चांगला असला तरी सर्व्हे कुठल्या वर्षीचा हे बघायचं. आणि मोबाईलवरचा साधा नकाशा तर सगळा समुद्र एकाच निळ्या रंगात दाखवतो. त्याला गुडघाभर पाणी आणि वीस वाव पाणी सारखंच. आपण कुठे आहोत हे तो नीट सांगतो, खाली काय आहे हे सांगत नाही.

म्हणून सर्वांत उपयोगी यंत्र म्हणजे बंदरावर जाळं विणत बसलेला माणूस. 'काकांनू, आज पाणी कसां आसा?' एवढं विचारलं तर तो वाट, वारा आणि मासा तिन्ही सांगेल. फक्त इंजिनिअर असल्याचा आव आणू नका.

बंदरांच्या वाटेवर बोये असतात. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. बाहेर जाताना उलट. काळ्या खांबावर लाल पट्टा आणि वर दोन काळे गोळे म्हणजे तिथेच धोका आहे, लांबून जा.

५. वारा

हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी काठाजवळ शांत असतं. दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून येतो आणि पाणी खवळतं. सकाळच्या शांत पाण्यावर भुलून लांब जाऊ नका, कारण परतीचा प्रवास दुपारच्या पाण्यातून असतो. शिवाय मतलई वारा बंद इंजिनाची होडी बाहेरच नेतो. जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असते, तेव्हा बेतच नको.

६. दांडा ओलांडताना आणि रुतल्यावर

बाहेर जाताना नाळ लाटेला समोर ठेवा. आडवी होडी उलटते. आत येताना लाटेच्या पाठीवर, तिच्या मागेच राहायचं. दीड मीटर पाण्यात लाट ताशी सुमारे १४ किलोमीटरने जाते, तोच वेग धरायचा. तिला ओलांडून पुढे गेलात तर नाळ खळग्यात घुसते, मागे पडलात तर पुढची लाट मागून होडीत येते. सगळ्यांनी खाली, मध्यभागी बसायचं. फोटोसाठी उभं राहायचं नाही आणि एका बाजूला गर्दी करायची नाही.

रुतलात तर पहिल्यांदा इंजिन बंद करून वर उचला. जोरात रिव्हर्स मारला की वाळू थंड पाण्याच्या नळीत शिरते आणि रुतलेल्या होडीबरोबर बिघडलेलं इंजिनही पदरी पडतं. मग होडी फुटली आहे का ते बघा. पाणी उतरत असेल तर एक मिनिटही दवडू नका : वजन खोल बाजूला हलवा आणि बांबूने आल्या वाटेने मागे ढकला. नाही हलली तर नांगर खोल बाजूला टाकून दोर ताणून ठेवा. उडी मारायची घाई नको. खाडीचा चिखल मांडीपर्यंत ओढतो, खडकावरची कालवं पाय कापतात आणि वाळूत पाकट लपलेला असतो. उतरावंच लागलं तर चपला घालून, पाय न उचलता घासत चाला म्हणजे पाकट आधीच पळतो. त्याचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

नांगर नेहमी नाळेवरून टाकायचा, मागून कधीच नाही. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा.

७. निघण्याआधीची यादी

तिथी, भरतीची वेळ आणि लाटांचा अंदाज कागदावर लिहून घ्या. लाइफ जॅकेट बसायच्या आधी बांधा. प्यायचं पाणी, शिट्टी, टॉर्च, सुरी, जादा दोर, वल्ही आणि बांबू होडीत हवेत. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. होडीवर व्हीएचएफ असेल तर संकटाचा चॅनेल १६. काठावरच्या एका माणसाला कुठे जातो आणि किती वाजता परतणार हे सांगा, आणि त्या वेळेनंतर तासाभरात आलो नाही तर फोन कर असंही सांगा. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुठे गळ टाकायचा नाही हे आधी विचारून घ्या.

पहिल्या फेरीत मासे मिळतीलच असं नाही. बोय उड्या मारून दाखवेल, तांबोशी आमिष खाऊन गळ तसाच ठेवेल. चालेल. बाजारात मासळी मिळते. पण अकरा वाजता दांड्यावर पाणी किती असेल याचं उत्तर तुम्ही नऊ वाजता काढलं, आणि अकराला बांबू घालून पाहिल्यावर ते दहा सेंटिमीटरच्या आत बरोबर आलं, तर त्या दिवशीची फेरी वसूल झाली. आणि ते चुकलं असेल, पाणी कमी भरलं, तर होडी मागे घ्या. सहा तासांनी सगळं बदलतं, दर्या कुठे जात नाही.